भट्टीची रोजकीर्द

पाटल्या चार होत्या आणि त्यांचे एकूण वजन ९२ ग्रॅम भरले होते. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना सोनेतारण कर्जासाठी त्या बँकेत आल्या. बँकेने नेमलेले सराफ वयोवृद्ध होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. अण्णांनी रीतीप्रमाणे प्रत्येक पाटली कसोटीच्या दगडावर घासली, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, रंग न्याहाळला आणि छापील नमुन्यात ‘२२ कॅरेट’ असे लिहून सही केली. त्या सहीखाली माझी सही झाली. पुढे कर्ज थकले, नोटिसा गेल्या, मुदत उलटली. लिलावाच्या तयारीत एका पाटलीची कड जरा वेगळी दिसली म्हणून ती कापून पाहिली, तेव्हा आत तांब्याची कांब निघाली. वर सोन्याचा जाड पत्रा, आत तांबे. चारही पाटल्या तशाच.

मुद्देमालात सोने नेमके किती, हे ठरवण्यासाठी १९९२ साली मी त्या पाटल्या घेऊन मुंबईच्या एका शुद्धीकरण कारखान्यात गेलो. अण्णा स्वखर्चाने बरोबर आले. तेथे मी आयुष्यात प्रथमच अग्निपरीक्षा पाहिली. पाटल्या वितळवून एकजीव केलेल्या रसातून काढलेला जेमतेम पाव ग्रॅमचा तुकडा तोलला गेला, त्यात थोडी चांदी घातली, तो शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळला आणि लालबुंद भट्टीत ठेवलेल्या एका लहानशा उथळ वाटीत सोडला. शिसे वितळले. वाटीतील रस हळूहळू आटत गेला, जणू वाटीच तो पीत होती. शेवटी तळाशी एक मणी उरला. त्याच्यावरून रंगांचे पातळ पदर सरकले आणि एका क्षणी तो लख्ख उजळला. कारागीर म्हणाला, ‘झाले.’

अण्णांनी विचारले, ‘ही वाटी कशाची?’ हाडांच्या राखेची, असे उत्तर मिळाले. अण्णा काही बोलले नाहीत. ते उंबरठ्याबाहेर जाऊन उभे राहिले आणि उरलेले सारे त्यांनी तेथूनच पाहिले. आज बऱ्याच ठिकाणी मॅग्नेशियाच्या वाट्या वापरतात. त्या वेळी त्या कारखान्यात तशा नव्हत्या.

निकाल आला: हजारात ३१०. म्हणजे २२ कॅरेटला जेथे ९१६ भाग सोने हवे, तेथे एक-तृतीयांशाइतकेच निघाले. त्या दिवसापासून भट्ट्यांविषयी वाचण्याचा मला नाद लागला आणि निवृत्तीनंतर तो वाढला. वाचता वाचता असे दिसले की, सोने तपासणारी ती हातभर भट्टी आणि सोने ‘बनवू’ पाहणाऱ्या किमयागारांची भट्टी या सख्ख्या बहिणी आहेत. शतकानुशतके त्या एकाच छपराखाली नांदल्या. एकीने घरे बुडवली, दुसरीने व्यवहार सांभाळला. आणि आजचे रसायनशास्त्र दोघींच्या राखेतून उभे राहिले.

किमयागारांच्या सर्वांत प्रसिद्ध भट्टीचे युरोपीय नाव ‘अथानोर’. नाव परके वाटेल, पण ते मूळ अरबी ‘अल् तन्नूर’पासून आले आहे आणि आपल्या हॉटेलांतील तंदूर हा त्याच शब्दाचा भाऊबंद. नवव्या-दहाव्या शतकांत इराणातील रय् आणि बगदाद येथे वावरलेला वैद्य अल् राझी याने आपल्या किमयाविषयक ग्रंथात प्रयोगशाळेतील उपकरणांची यादीच दिली आहे. मुशी, सांडशी, भाते, ऊर्ध्वपातनाची पात्रे यांच्याबरोबर तीत तऱ्हेतऱ्हेच्या भट्ट्या आहेत. त्यांत भात्यावाचून आपली आपणच फुंकली जाणारी भट्टीही आहे. अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तशी ही विद्या आणि हे शब्द बाराव्या शतकापासून युरोपात पोचले.

अथानोरची रचना समजून घेण्याजोगी आहे. मधोमध विटा-मातीचा एक उंच मनोरा. तो वरून लोणारी कोळशाने ठासून भरायचा आणि वरचे तोंड झाकणाने घट्ट लिंपून टाकायचे. हवा केवळ तळाच्या जाळीतून शिरते, म्हणून कोळसा केवळ तळाशीच पेटतो. तळचा जळून राख झाला की वरचा आपल्याच भाराने खाली सरकतो. मनोऱ्याच्या कुशीतून एक वाट शेजारच्या कोठीत जाते. तेथे वाळूत किंवा राखेत पुरलेले काचेचे पात्र असते. हवेच्या भोकांना मातीची बुचे. एक बूच काढले की आच वाढली, एक बसवले की मंदावली. एकदा मनोरा भरला की रात्रभर कोणी जागायला नको. जर्मन कारागिरांनी या सोयीमुळे तिला ‘आळशी हाइन्झ’ असे लाडके नाव दिले होते. लॅटिनमध्येही ती ‘आळशी हेन्री’च.

एवढा खटाटोप कशासाठी? किमयागाराची समजूत अशी की, धातू जमिनीच्या पोटात हळूहळू ‘पिकतात’. शिसे, कथील हे कच्चे फळ, सोने हे पक्व फळ. निसर्गाला ज्या कामी युगे लागतात, ते योग्य उबेत काही महिन्यांत उरकावे, असा त्यांचा डाव होता. म्हणून त्यांना प्रखर आग नको होती. कोंबडीच्या अंड्याला मिळते तशी एकसारखी ऊब हवी होती. पात्रालाही ते ‘अंडे’च म्हणत. त्या अंड्याची मान वितळवून पिळून बंद करत, की आतला वाफेचा कणही निसटू नये.

हे सारे उष्णतामापकावाचून चालले होते, हे विसरू नये. फॅरनहाइटचा पाऱ्याचा उष्णतामापक १७१४चा. त्याआधीची शेकडो वर्षे आगीच्या ‘पायऱ्या’ अनुभवाने ओळखल्या जात. सर्वांत मंद ऊब म्हणजे घोड्याच्या लिदीचा ढीग. कुजताना तो आपोआप कोमट राहतो. त्यावरची पायरी पाण्याच्या टोपाची. उघड्या टोपातले पाणी उकळत राहिले तरी त्याची उष्णता एका मर्यादेपुढे जात नाही, म्हणून त्यात ठेवलेले पात्र करपत नाही. ही युक्ती इजिप्तमधील मारिया नावाच्या एका ज्यू विदुषीच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंच स्वयंपाकघरांत आजही तिला ‘मारीचे स्नान’ म्हणतात. आपल्या गृहिणी उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून चॉकलेट वितळवतात, तीच ही पायरी. त्यापुढे राख, वाळू आणि अखेर नागडी ज्वाला. भट्टीच्या अंतरंगाचा रंग, मेणाचे वितळणे, हाताला सोसेल न सोसेल एवढी धग, हीच त्यांची मोजमापे. सोने कोणाच्याच हाती लागले नाही, पण आग हवी तेवढी, हवी तितके दिवस, एकाच जागी धरून ठेवण्याची विद्या मात्र खरोखरच हाती आली. माझ्या मते किमयागारांची खरी किमया तीच.

तिची किंमत मात्र घराने मोजली. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रूगेल याचे १५५८चे ‘किमयागार’ हे चित्र कोणी पाहिले असेल, तर त्याला व्याजाचा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. फाटक्या कपड्यांतील पुरुष शेगडीपुढे बसून शेवटचे नाणे मुशीत टाकायच्या बेतात आहे. मागे त्याची बायको रिकामी थैली झटकून दाखवते आहे. मुले रिकाम्या फडताळात चढली आहेत, एकाच्या डोक्यावर भांडे उलटे बसले आहे. खिडकीतून बाहेर पुढचे दृश्य दिसते: तेच कुटुंब अनाथालयाच्या दारी. त्याच्याही दीडशेहून अधिक वर्षे आधी इंग्रज कवी चॉसरने एका किमयागाराच्या चाकराची कहाणी लिहिली. आग फुंकून फुंकून त्याच्या तोंडाचा रंग उडाला आहे, अंगावरचे कपडे गेले आहेत, कर्ज फिटण्याची आशा नाही. मूस फुटते, रस राखेत सांडतो, आणि मालक म्हणतो की पुढच्या वेळी नक्की जमेल. बँकेतील पस्तीस वर्षांत ‘पुढच्या वेळी नक्की’ हे शब्द मी इतक्या तोंडांतून ऐकले आहेत की, तो चाकर मला ओळखीचा वाटतो. इंग्लंडात तर १४०४ साली कायदा करून सोने-चांदी ‘वाढवण्या’चा धंदा गुन्हा ठरवावा लागला. तो कायदा १६८९पर्यंत पुस्तकात राहिला.

आता दुसऱ्या बहिणीकडे वळू. खाणीतून निघालेल्या दगडात चांदी किती, नाण्यात भेसळ किती, हे सांगणारा पारखी युरोपातील प्रत्येक खाणीवर आणि टांकसाळीत असे. त्याची भट्टी लहान, चौकोनी. पोटात मातीची एक कमान, म्हणजे कोळसा कमानीबाहेर जळतो आणि आतल्या वाट्यांना राखेचा कणही शिवत नाही. सोळाव्या शतकात या विद्येवर उत्तम ग्रंथ झाले: बिरिंगुच्चोचा १५४०चा, अॅग्रिकोलाचा १५५६चा आणि बोहेमियातील पारखी लाझारुस एर्कर याचा १५७४चा. चित्रांसकट आहेत. फट पाडलेल्या फळीआडून, डोळे न भाजता वाटीकडे पाहणारा पारखी त्यांत दिसतो. अॅग्रिकोलाने तर तीन तराजू सांगितले आहेत आणि त्यांतील सर्वांत नाजूक तराजू वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून पेटीत बसवलेला आहे.

त्या वाटीत घडते ते असे. सोने आणि चांदी यांना आगीत हवेचा संग जडत नाही; तांबे, कथील, जस्त यांना जडतो. वितळलेले शिसे हवेशी संयोग पावून त्याचे मुरदाडशिंग होते. ते स्वतःबरोबर तांब्यादी हीन धातूंना ओढून घेते आणि राखेच्या सच्छिद्र वाटीत जिरून जाते. उरतो तो सोन्या-चांदीचा मणी. तो ठोकून, पत्रा करून, गुंडाळून तेजाबात उकळला की चांदी विरघळते आणि सोने उरते. ते प्रथम तपकिरी, ठिसूळ दिसते. पुन्हा तापवले की आपल्या रंगावर येते. मग तराजू. आधीचे वजन, नंतरचे वजन, भागाकार. आज सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क उमटवण्यापूर्वी प्रमाण मानली जाणारी परीक्षा तत्त्वतः हीच आहे. क्ष-किरणांचे यंत्र काही सेकंदांत आकडा देते, पण ते पृष्ठभागच वाचते. वाद झाला तर अखेर अग्नीचाच शब्द.

एर्कर आणि अॅग्रिकोला यांच्या ग्रंथांतील एक सूचना वाचून मी पेन खाली ठेवला. ते सांगतात, परीक्षेसाठी जे शिसे वापरायचे, त्यातही किंचित चांदी असते. म्हणून आधी नुसते शिसेच वाटीत जाळून पाहा, किती चांदी उरते ते तोला आणि नंतरच्या प्रत्येक मण्यातून तेवढी वजा करा. सुरुवातीची शिल्लक वजा केल्याखेरीज नफा मोजू नये, हा वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा धडा! ‘आमच्या भस्माने शिशातून चांदी निर्माण झाली’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या कित्येक किमयागारांचा चमत्कार या एका वजाबाकीत विरून गेला असता.

पण दोघांना अगदी परके समजणेही बरोबर नाही. ऑस्ट्रियातील ओबरस्टॉकश्टाल या खेड्यात १९८० साली सोळाव्या शतकातील एका प्रयोगशाळेचे अवशेष सापडले. फुटक्या मुशी, ऊर्ध्वपातनाची पात्रे, राखेच्या वाट्या. किमयागाराचे घर म्हणून ते प्रसिद्धीस आले. परंतु मुशींना चिकटलेल्या अवशेषांचे पृथक्करण केल्यावर दिसले की, तेथे धातुकांची कसून पारख चालत असे. स्वप्न आणि तराजू एकाच खोलीत होते.

येथे आपल्या समाजातील एका पूर्वजाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. ठक्कुर फेरू हा श्रीमाल कुळातील जैन गृहस्थ चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या खिलजी सुलतानांच्या टांकसाळीशी संबंधित अधिकारी होता. १३१८ साली त्याने ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ प्राकृत गाथांत रचला. धातू शुद्ध कसे करावेत, कसे पारखावेत हे आधी, आणि मग देशोदेशीच्या दोनशेहून अधिक नाण्यांचे वजन, शुद्धता आणि भाव. राजाच्या स्तुतीसाठी नव्हे, तर आपल्या भावाला आणि मुलाला उपयोगी पडावा म्हणून तो लिहिला आहे. एर्करच्या अडीचशे वर्षे आधीचे हे काम विस्मृतीत गेले होते. विसाव्या शतकात बिकानेरच्या व्यापारी नाहटा घराण्यातील अगरचंद आणि भंवरलाल यांना त्याचे हस्तलिखित कलकत्त्यात गवसले आणि मग जगाला ते कळले. व्यापाऱ्याने लिहिलेले व्यापाऱ्यांनीच शोधून काढले.

पुन्हा युरोपात, सतराव्या शतकात येऊ. दोन्ही बहिणींच्या पुढे बसलेला एकच माणूस दाखवा म्हटले, तर मी आयझॅक न्यूटनचे नाव घेईन. गुरुत्वाकर्षणाचा न्यूटन केंब्रिजमध्ये आपल्या खोलीलगतच्या बागेत किमयेची प्रयोगशाळा चालवत होता. त्याचा लेखनिक हंफ्री न्यूटन याने लिहून ठेवले आहे की, वसंतात आणि शरदात सहा-सहा आठवडे भट्टीतील आग रात्रंदिवस विझत नसे. एक रात्र मालक जागे, दुसरी रात्र चाकर. गवंड्याला न बोलावता न्यूटन स्वतःच भट्ट्या बांधी आणि बदली. किमयेवरची त्याची टिपणे सुमारे दहा लाख शब्दांची आहेत. ती त्याने छापली नाहीत; १९३६ साली लिलावात निघाली, तेव्हा त्यांतील बराच भाग अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी विकत घेतला.

हाच न्यूटन १६९६ साली लंडनच्या टांकसाळीवर गेला, १६९९ साली तिचा प्रमुख झाला आणि १७२७ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. खोटी नाणी पाडणाऱ्यांचा त्याने पिच्छा पुरवला. टांकसाळीच्या मालाची परीक्षा घेण्याची इंग्लंडात १२८२पासूनची रीत आहे: प्रत्येक खेपेतील काही नाणी एका पेटीत टाकायची आणि ठरल्या दिवशी सोनारांच्या पंचांनी ती वितळवून प्रमाण पत्र्याशी ताडून पाहायची. सोन्याचे प्रमाण २२ कॅरेट, म्हणजे आपले ९१६च. १७१० सालच्या परीक्षेत पंचांनी न्यूटनचे सोने हलके ठरवले. न्यूटन संतापला, पण त्याने कोणाकडे दाद मागण्याआधी कागद-पेन्सिल घेतली. त्याचे म्हणणे असे की, नाणी बरोबर आहेत. १७०७ साली बनवलेला प्रमाण पत्राच हवा त्याहून अधिक शुद्ध उतरला आहे. म्हणजे दोष मालात नव्हता, मापात होता. हे प्रकरण वाचताना मला अण्णा आठवले. त्यांच्यावर ठपका आला, तेव्हा माप काय होते, हे आम्ही कोणी विचारले नव्हते.

भट्टीत काय ठेवले आणि काय निघाले, हे पाहणारे पुष्कळ होते. पण भट्टीखाली जळणाऱ्या कोळशाचा हिशेब कोण ठेवतो? ब्रसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट या वैद्याने तो ठेवला. तो स्वतः किमयेवर विश्वास ठेवणारा होता. ६२ पौंड ओकचा कोळसा जाळला तर राख उरते एक पौंड, असे त्याने नोंदले. उरलेले ६१ पौंड गेले कोठे? आपल्यासारखा मनुष्य ‘जळून गेले’ म्हणून मोकळा झाला असता. हेल्मोंट म्हणाला, काहीही नाहीसे होत नाही. ते दिसेनाशा रूपात निसटले आहे. त्या रूपाला नाव नव्हते, म्हणून ग्रीक ‘केऑस’वरून त्याने शब्द घडवला: ‘गॅस’. आपण सिलिंडरची नोंदणी करताना रोज उच्चारतो तो शब्द भट्टीच्या न जुळलेल्या तेरजेतून जन्मला आहे. हेल्मोंट १६४४ साली वारला. त्याच्या मुलाने चार वर्षांनी त्याचे लेखन प्रसिद्ध केले.

त्याच सुमारास योहान ग्लाउबर या न्हाव्याच्या मुलाने भट्ट्यांना धंद्याला जुंपले. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. उत्तम धुराडी, नव्या भट्ट्या, त्यांतून काढलेली आम्ले आणि क्षार यांची विक्री, आणि त्यावरचे ग्रंथ, यांवर अॅम्स्टरडॅममध्ये त्याने संसार केला. त्याचे नाव आजही एका क्षाराला आहे. अखेरची वर्षे मात्र त्याने अंथरुणावर काढली. आयुष्यभर पारा आणि जड धातूंच्या वाफांत बसलेल्याच्या शरीराचाही एक जमाखर्च असतो.

ज्याने ती तेरीज अखेर जुळवली, तो योगायोगाने हिशेबांतलाच माणूस होता. पॅरिसचा आंत्वान लाव्हॉज्ये १७६८ साली राजाच्या वतीने कर वसूल करणाऱ्या खासगी भागीदारी पेढीत शिरला. दिवसाचा मोठा भाग वसुलीच्या वह्यांत जाई. विज्ञान सकाळी आणि रात्री. त्याने नीटनेटके, महागडे तराजू करून घेतले आणि रोखपालाने पैसे मोजावेत तसे पदार्थ मोजले. त्याचा पाऱ्याचा प्रयोग त्याच्या १७८९च्या ग्रंथात आहे. लांब वाकड्या मानेच्या काचेच्या पात्रात चार औंस पारा. मानेचे दुसरे टोक पाऱ्याच्या परातीवर उपड्या घातलेल्या काचेच्या घुमटात. आत कोंडलेली हवा ५० घन इंच. पात्राखाली भट्टी. पारा उकळण्याच्या बेतात राहील एवढीच आच, आणि ती बारा दिवस.

पहिल्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी पाऱ्यावर बारीक लाल ठिपके दिसू लागले, चार-पाच दिवस वाढत गेले, मग थांबले. बारा दिवसांनी भट्टी विझवली, तेव्हा हवा ४२-४३ घन इंच उरली होती. तीत मेणबत्ती विझे, उंदीर गुदमरे. (हा उंदीर मला खटकतो, पण इतिहास आपल्या सोयीने घडलेला नाही.) लाल भस्म गोळा करून तोलले: ४५ ग्रेन. मग तेच भस्म लहान पात्रात घालून अधिक कडक आच दिली. पारा परत मिळाला, साडेएकेचाळीस ग्रेन, आणि सात-आठ घन इंच हवा सुटली. या हवेत मेणबत्ती झळाळून पेटली. हाच प्राणवायू.

यातील खुबी माझ्यासारख्या कर्ज खात्यातील माणसाला चटकन कळते. मंद आचेवर पाऱ्याने हवेकडून उसने घेतले. कडक आच लागताच ते परत केले. घेतले तेवढेच दिले. साडेतीन ग्रेनचा फरक वजनात आहे आणि सात-आठ घन इंचांचा हवेत आहे. दोन्ही बाजू मिळतात. एकाच पदार्थावर एकच आग दोन उलट कामे करते आणि त्यांच्यामधले अंतर केवळ आचेचे आहे. बारा दिवस पारा उकळीच्या उंबरठ्यावर धरून ठेवणे ज्याला जमणार नाही, त्याला हा शोध लागणार नाही. ती विद्या आळशी हाइन्झच्या मनोऱ्यापासून चालत आलेली होती; तराजू पारख्याच्या खोलीतून आला होता.

लाव्हॉज्येची पत्नी मारी-आन या कामात त्याची खरी भागीदार होती. प्रयोगांच्या नोंदी तिने ठेवल्या, ग्रंथातील उपकरणांची चित्रे तिने काढली. तिचे वडीलही त्याच कर-पेढीचे भागीदार. राज्यक्रांतीत कर वसूल करणाऱ्यांवर लोकांचा राग उसळला आणि ८ मे १७९४ रोजी तिचे वडील आणि तिचा पती, दोघांचाही एकाच दिवशी, एकाच वधस्तंभावर शिरच्छेद झाला. ज्या वसुलीच्या पैशातून ते तराजू विकत घेतले गेले, तीच त्याच्या गळ्याशी आली.

अण्णांच्या बाबतीत एवढे भयंकर काही घडले नाही. वरिष्ठ कार्यालयाने अहवाल मागितला. कारणाच्या रकान्यात एक शब्द हवा होता आणि मी ‘निष्काळजीपणा’ असा लिहिला. कसोटीचा दगड वरचाच थर सांगतो, ग्राहकाचा दागिना कापण्याची परवानगी आम्हीच सराफाला देत नव्हतो, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पाटल्या तारण ठेवणाऱ्या बाईंना त्या माहेरून लग्नात मिळाल्या होत्या. त्यांनाही आत काय आहे याची कल्पना नव्हती, असे पुढे चौकशीत दिसले. खापर अण्णांच्या माथी फुटले. त्यांचे नाव यादीतून निघाले आणि गावात ज्याचा शब्द हाच दाखला होता, त्याच्या दुकानावरून लोक पुढे जाऊ लागले.

अण्णा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाने लाल कापडात बांधलेली एक वही समोर ठेवली. बँकेत तपासलेल्या प्रत्येक दागिन्याची नोंद अण्णा घरी येऊन आपल्या वहीत करत. आमच्या छापील नमुन्यात कॅरेटसाठी एकच रकाना होता. वहीत त्या तारखेला चार पाटल्या, वजन ९२ ग्रॅम, आणि त्यापुढे त्यांच्या बारीक, सरळ अक्षरांत लिहिले होते: वरील कस २२. आतील पाहिले नाही.